सारसाची बांधी

आमच्या शेतात सारसाच्या जोडीने घरटं केलं त्या वर्षी मी एका जागी बसत नव्हते. शाळा सुटली की स्कूटर घेऊन थेट शेतावर. शेत दोन एकरांचं, सडक अर्जुनीपासून आत, तलावाच्या खालच्या अंगाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि नवरा गेल्यापासून शेताचं सगळं एक बाईच पाहायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी यायचा. रोवणीला बाया जमवणं, पाणी धरणं, निंदण, फवारणी, सगळं तिच्याकडे. मी तिला बाई म्हणायचे, ती मला मॅडम.

घरटं पहिल्यांदा तिलाच दिसलं. "मॅडम, खालच्या बांधीत दोन अंडे हायेत. इतकं धान लोळवून टाकलं त्याइनं. हाकलू का?"

"नको," मी म्हटलं. "ती बांधी यंदा त्यांचीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. धुऱ्यांच्या, म्हणजे बांधांच्या, मधला धानाचा एक अख्खा तुकडा पाखरांना सोडून द्यायचा, हे तिला पटलं नसावं.

आम्ही कॅथलिक. जिल्ह्यात आमची घरं मोजकी. माझे आजोबा नागपूरच्या एका मिशनमध्ये अनाथ म्हणून वाढले, आणि प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे, हे आमच्या घरात वरणभातासारखं रोजचं होतं. रविवारी मिस्सा झाली की मी मुलांना धर्मशिक्षण देते. सप्टेंबरचा महिना आमच्याकडे सृष्टीसाठी प्रार्थनेचा. त्या वर्षी फादर म्हणाले, "उत्पत्तीचा धडा वर्गात नको. मुलांना तुमच्या शेतावर घेऊन जा."

मी घेऊन गेले. लांबच्या धुऱ्यावर मुलं ओळीने उभी केली. मादी अंड्यांवर बसलेली, नर थोडा दूर, लाल मान ताठ करून आमच्याकडे बघत असलेला. मी हळू आवाजात सांगितलं, देवाने हे सगळं केलं आणि त्याला ते चांगलं वाटलं. मग त्याने माणूस घडवला आणि बाग त्याच्या हाती दिली. मालकीने नाही दिली, राखायला दिली. मुलं ऐकत होती. माझं मलाच भरून आलं.

दोन बांध्या पलीकडे बाई निंदत होती. मुलं गेल्यावर तिने विचारलं, "काय सांगून राहिले होते लेकरायले?"

मी सांगितलं.

"मंग राखनदार तं मीच हाव म्हना," ती हसून म्हणाली आणि पुन्हा वाकली. मीही हसले.

पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचनात आमच्या शेताचा उल्लेख केला. लोक मोबाइल घेऊन बघायला येऊ लागले. मी त्यांना दहा पावलं मागे उभं करायची, आवाज करू द्यायची नाही. आतून मला फार बरं वाटत होतं, आणि त्यासोबत एक भीतीही होती. कोल्हं येईल, कुत्रं येईल, कोणी पोरगं दगड मारेल. शाळेत फळ्यावर लिहितानाही डोक्यात तीच अंडी.

मग धानावर तुडतुडे आले. दोन दिवसांत पानं पिवळी पडायला लागली. मी दुकानातून औषध आणलं. सकाळी शाळेत जाण्याआधी बाईला गाठलं आणि कागदावर शेताचा नकाशा काढून दाखवला. घरट्याच्या चारही बाजूंच्या बांध्या सोडायच्या. वारा तिकडे वळला तर थांबायचं. पंप धुतलेलं पाणी उलट्या अंगाला टाकायचं. तीन-तीनदा सांगितलं. तिने मान हलवली, तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि पंप पाठीवर घेतला.

दुकानदाराने बाटलीबरोबर हातमोजे आणि मास्क दिले होते. ते स्कूटरच्या डिक्कीत राहिले. विसरले, असं म्हणता येईल. पण नकाशा विसरले नव्हते.

त्या दिवशी वर्गात माझं लक्ष लागेना. वारा सुटला होता आणि खिडकीचं दार सारखं आपटत होतं. जेवणाच्या सुट्टीत मुख्याध्यापकांना सांगून निघाले. शेताच्या कोपऱ्यावर स्कूटर लावली तेव्हा बाई धुऱ्यावर बसलेली दिसली, डोकं गुडघ्यांत. पंप शेजारी आडवा पडलेला. मी चिखलातून धावतच गेले आणि दुरूनच ओरडले, "घरट्याकडे गेला नाही ना फवारा?"

तिने मान वर केली. तोंडातून लाळ गळत होती, सगळं अंग घामाने निथळत होतं. तिने हात घरट्याच्या दिशेने जेमतेम उचलला.

"नाई गेला जी," ती म्हणाली, आणि तिथेच ओकली.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. रस्त्यावर थांबवलेला ऑटो. माझ्या मांडीवर तिचं डोकं. "डोऱ्यापुढं धुवारी आली, मॅडम," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती; तिला सगळं धूसर दिसत होतं. तालुक्याच्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं, सुया दिल्या, अंग धुतलं, कपडे बदलले. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "हातमोजे, मास्क दिले होते का?"

"होते," मी म्हटलं.

होतेच. डिक्कीत. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि गेले. मी उठले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले. संध्याकाळपर्यंत किती फेऱ्या घातल्या कोण जाणे.

ती वाचली. तिसऱ्या दिवशी उशीला टेकून बसली. मी डब्यात पेज नेली होती. दोन चमचे घेऊन ती थांबली.

"मॅडम, एक गोठ बोलू? राग नोका मानू."

"बोला."

"तुमी पयले अंड्याइचं इचारलं."

मी चमचा हातात धरून बसले. ती रागाने बोलली नव्हती. जे घडलं तेवढंच सांगितलं तिने.

त्या आठवड्यात मी फादरांकडे पापनिवेदनाला गेले. सगळं सांगितलं, डॉक्टरांना दिलेलं उत्तरसुद्धा. फादर म्हणाले, "देव क्षमा करतो. पण तिच्याकडे मागितलीत का?"

नव्हती मागितली. फळं नेली होती, औषधं आणून दिली होती, पेज भरवली होती.

तिचं घर बौद्ध मोहल्ल्यात, विहाराला लागून. मी गेले तेव्हा ती ओसरीवर शेंगा सोलत होती. मी उभ्यानेच म्हटलं, "बाई, माझं चुकलं. मला माफ करा."

"बसा तं आदी," ती म्हणाली. मी बसले. मग ती म्हणाली, "माही आजी नागपूरले गेली होती दीक्षा घ्याले. आज्यानं इचारलं, कायले जातेस? तं म्हने, मानूस म्हनून जगाले. तुमच्या पुस्तकात तं आदीपासूनच लिवून हाय म्हनता, मानूस देवासारका. मंग असं काऊन होते, मॅडम?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"माफीचं मी काय करू? मी आता फवारत नाई. बाकी काम करीन."

एका अंड्यातून पिल्लू बाहेर आलं, दुसरं वाया गेलं. लोक अभिनंदन करायचे. मुलांना पुन्हा शेतावर नेण्याचं मात्र मला धाडस झालं नाही. वर्गात "देवाच्या प्रतिमेत" हे शब्द आले की माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा.

पुढच्या हंगामात मी निंबोळीचा अर्क वापरायचं ठरवलं आणि पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. भरलेला पंप इतका जड असतो हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. पहिल्या बांधीतच पट्टे खांद्यात रुतले. दुसरीत पाय चिखलात अडकला आणि मी धानातच बसले. बाई धुऱ्यावरून सांगत होती, नळी खाली धरा, वाऱ्याकडे पाठ करा, घाई नोका करू. मास्कमध्ये जीव गुदमरत होता. काढावासा वाटला की ती म्हणायची, "ठेवा."

तीन बांध्या झाल्यावर मी धुऱ्यावर येऊन टेकले. तिने पंप उतरवून घेतला, खांद्यांवरच्या वळांवर पाणी ओतलं, हात धुवायला लावले, नखंसुद्धा घासायला लावली.

"बाकीच्या बांध्या उद्या," मी म्हटलं.

"उद्या मी नाई. दुसरीकडं निंदाले सांगितलं हाय मले," असं म्हणून तिने विळा उचलला आणि गावाकडच्या वाटेला लागली. उरलेल्या बांध्या मी दुसऱ्या दिवशी एकटीने केल्या. मधेच दोनदा थांबून वारा कुठला आहे ते पाहिलं, आणि पलीकडच्या शेतात कोणी वाकलेलं आहे का तेही.