पाण्याला वजन नसते

९ डिसेंबर रोजी काट्याने बेचाळीस हजार सहाशे पंच्याऐंशी रुपये देऊन आपल्या पाठीवरचे साडेपाच किलो वजन कमी करून घेतले. किलोमागे पावणेआठ हजारांच्या जरा वर. माल मिळावा म्हणून लोक पैसे मोजतात. माल कमी व्हावा म्हणून मोजणारा मी पहिलाच पाहिला.

काटा हे त्याचे टोपणनाव. आमच्या मालवाहतूक कंपनीच्या पार्सल खिडकीवर तो एकतीस वर्षे बसतो, आणि मी त्याच्या मागच्या खोलीत हिशेब लिहितो. एखादे गिऱ्हाईक म्हणते, "साहेब, खोक्याचं वजन सोडा ना, आतला माल तेवढा धरा." काटा चष्म्यावरून त्याच्याकडे पाहतो. "का? खोकं चालत जाणार आहे का? इथे सुतळीसुद्धा धरतात." गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे काढते.

दर हिवाळ्यात आम्ही दोघे पाठीवर सामान बांधून तीन दिवस डोंगरात पायी जातो. बावीस वर्षे झाली. मागच्या खेपेला परत आल्यावर त्याची पाठ धरली आणि तो अकरा दिवस पलंगावर आडवा होता. हाडांचे डॉक्टर म्हणाले, नऊ किलोंच्या वर उचलू नका. डॉक्टर एकदाच म्हणाले. वहिनींनी घरी आणून त्याचा कायदा केला.

"नऊ म्हणजे नऊ," त्या माझ्यासमोरच त्याला म्हणाल्या. "एक ग्रॅम वर गेला की सॅक माळ्यावर, कायमची. भावजी, तुम्ही साक्षीदार."

म्हणून ही खरेदी. सुळसुळीत कापडाची सॅक, पावाएवढी घडी होणारी पिसांची झोपायची पिशवी, स्वतःच्याच खिशात मावणारे जाकीट, फुगवायची गादी, काड्यापेटीएवढा गॅसचा स्टोव्ह. प्रत्येक वस्तूचे वजन त्याला आपल्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ. कंगवा अर्धा कापून घेतला होता. पूर्ण कंगव्याला पुरतील एवढे केस तसेही उरले नव्हते. सामान हलके झाल्यावर सॅकमध्ये जागा झाली, आणि जागा झाल्यावर तिच्यात घडीची खुर्ची आली, गादी फुगवायचा विजेवरचा पंप आला, हात शेकायचे यंत्र आले आणि या सगळ्यांना वीज पाजणारी एक वीट आली.

माझे सामान जुनेच. कॅनव्हासची सॅक, कातड्याचे पट्टे, गंजलेली बक्कले. कोरडी असताना साडेतीन किलो, ओली झाल्यावर किती ते देव जाणे. दोन घोंगड्या, आणि रॉकेलचा पितळी स्टोव्ह, ज्याला पिन मारल्याखेरीज तो बोलत नाही.

"हे संग्रहालयात दे," काटा म्हणाला.

"तुझं खेळण्यांच्या दुकानात शोभेल," मी म्हणालो.

निघायच्या सकाळी वहिनींनी न्हाणीघरातला वजनकाटा दारात आणून ठेवला. सॅक वर चढली. आठ किलो नऊशे. काट्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू पदवी मिळाली. पाण्याच्या बाटल्या, गॅसचा डबा नि खाण्याची पिशवी फाटकाबाहेर माझ्या गाडीत होती. ती तिथे का आहे, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

पहिला चढ दीड तासाचा. गोठलेले दव सावलीतच उरले होते, पण वारा कान कापत होता. माथ्याच्या अलीकडे काटा थांबला, खुर्ची उघडली आणि अंडे उबवणाऱ्या कोंबडीसारखा जपून तिच्यावर बसला. चेहरा पांढरा पडला होता.

"धरली?"

"नाही. जरा चमक."

त्याच्या सॅकला बाहेरून एक छोटा लटकता काटा अडकवलेला होता. सवय सुटत नाही. मी सॅक त्याला टांगली. तेरा किलो शंभर.

"हे काय रे?"

"त्यात पाणी, खाणं नि गॅस आहे. ते धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"कुणीच नाही. नवीन पद्धत आहे. मूळ वजन वेगळं धरतात. पाणी तर आपण पिऊन टाकतो."

"तुझ्या मणक्याला कळवलंस का हे? आणि खिडकीवर? तिथे सुतळी धरतोस, गाढवा, आणि इथे तीन लिटर पाणी सोडून दिलंस?"

मी तिथेच दगडावर बसून हिशेब केला. मागच्या वर्षीचे त्याच्या सॅकचे चौदा किलो चारशे हे पाणी, खाणे सगळे धरून होते. म्हणजे खरी बचत एक किलो तीनशे. भाव गेला किलोला बत्तीस हजार आठशेवर. मी त्याला तो मोठ्याने वाचून दाखवला. मला फार बरे वाटले.

काटा हसला नाही. "हिला सांगू नकोस," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी खिडकी सुटणार. हेही सुटलं तर मी सकाळी उठून जायचं कुठे? भाजी आणायला?"

मी त्याची सॅक उघडली. पाणी, खाणे आणि गॅस काढून माझ्या सॅकमध्ये भरले. माझी एकोणीस किलोंच्या पुढे गेली. पुढे तो हरणासारखा चालला आणि मागे मी बैलासारखा. वर तो मला सांगत होता, "बघ, हलक्या सामानाने चाल कशी सुधारते."

दुपारी माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. सतरा वर्षांचे बूट. घरात ठेवल्या ठेवल्या डिंक वाळून गेला असावा, वर माझ्या पाठीवर त्याचे पाणी. तळ मगरीच्या जबड्यासारखा उघडझाप करू लागला. काट्याने खिशातून रुपेरी चिकटपट्टी काढली आणि बूट पार्सलसारखा बांधून दिला. एकतीस वर्षांचा हात, एक सुरकुती नाही. त्या पट्टीवर मी उरलेले दोन दिवस चाललो. रात्री तो पिसांत गाढ घोरत होता आणि माझ्या घोंगड्या दवाने जड झाल्या होत्या, हेही लिहायला हवे. त्याच्यापुढे मी ते कबूल केलेले नाही.

तिसऱ्या संध्याकाळी वहिनी दारातच होत्या, वजनकाट्यासह. सॅक वर चढली. आठ किलो आठशे. पाणी पिऊन झाले होते, खाणे संपले होते.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा. वर जाताना यांच्या पाठीवर नऊच्या वर होतं का?"

काटा कंगव्याचा अर्धा तुकडा काढून डोक्यावर फिरवू लागला.

मी आयुष्यभर खोटी नोंद केलेली नाही. म्हणालो, "वहिनी, तीन दिवसांची, रात्री धरून, सरासरी काढली, तर नऊच्या आत."

"सरासरी." त्यांनी माझा वाकलेला खांदा पाहिला, मग बूट पाहिला. "आणि सरासरीच्या वरचं कुणी वाहिलं?"

मीही बुटाकडेच पाहिले.

"अहो, ती खुर्ची काढा," त्या काट्याला म्हणाल्या. "पंपही काढा. ती वीटही. हे सगळं विकायचं. पुढच्या वर्षी जायचं असेल, तर पाणी, खाणं भरून सॅक इथे चढेल, माझ्यासमोर. नऊ."

"म्हणजे जायचं?"

"नऊ म्हटलं मी."

काटा सॅकवर झेपावला आणि खुर्ची घेऊन उभा राहिला. इतक्या चपळाईने तो डोंगरातही हलला नव्हता.

सोमवारी माझ्या टेबलावर त्याच्या अक्षरात चिठ्ठी होती: रुपेरी चिकटपट्टी, सव्वा मीटर, पंचेचाळीस रुपये. ते मी अजून दिलेले नाहीत.