लग्नाआधीचे टाके

"मॅडम, चार टाके घालायचे आहेत. तुम्ही फक्त झोपवा," सर्जन म्हणाले.

मी भूल देणारी डॉक्टर. मेहकरच्या एका हॉस्पिटलात टेबलावर सात वर्षांची रेवती बसली होती. डावा कान म्हणजे नुसती मांसाची गाठ, त्या बाजूचा जबडा खुरटलेला, तोंडाचा कोपरा गालापर्यंत चिरलेला. तो शिवायचा होता.

"वर बघ बेटा," मी म्हटलं. तिने डोळे वर केले. मान जागची हललीच नाही.

एक्स-रे काढला. मानेचे मणके एकमेकांना चिकटलेले. याला गोल्डनहार सिंड्रोम म्हणतात. पोटात असतानाच चेहरा आणि मणका नीट घडत नाही. भूल दिल्यावर श्वासासाठी घशात नळी घालावी लागते. त्यासाठी मान मागे झुकायला हवी, जबडा नीट उघडायला हवा. इथे दोन्हीची बोंब. नळी गेली नाही तर पोरगी टेबलावरच जायची.

"केस होणार नाही. नागपूरला बारीक कॅमेऱ्याने नळी घालतात, तिकडे पाठवा."

"अहो, मी एवढ्या लांबून आलोय."

"मग चहा घेऊन जा."

बाहेर तिची आई उभी होती.

"मॅडम, सासू म्हनते, मी गिऱ्हानात भाजी चिरली म्हनून हे असं झालं."

"ग्रहणाचा काही संबंध नाही ताई. तुमचं काही चुकलेलं नाही."

तिचं तिकडे लक्षच नव्हतं. "पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे. जेवताना हिच्या तोंडातून सांडते, मंग पंगतीत कोनी बसू देत नाही. टाके पडले असते तं बसली असती."

"लग्न होऊ द्या, पण नागपूरला न्याच."

"हाव," ती म्हणाली. ते 'हाव' मला काही खरं वाटलं नाही.

तिच्या आईने लग्नाचं आमंत्रण दिलं, म्हणून त्यांच्या गावी डोणगावला गेले. मांडवात पंगत बसली होती. रेवती आत, आहेराच्या भांड्यांच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून वरणभात खात होती. मला फार वाईट वाटलं. रागही आला. मी माझं ताट घेऊन तिच्याजवळ बसले.

मान वळत नाही, म्हणून ती अख्ख्या अंगाने माझ्याकडे वळली.

"तुमालेबी बाहेर बसू नाही देत काय?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिला नागपूरला अजून कुणी नेलेलं नाही. केस कधी नाकारायची, हे आम्हाला शिकवतात. नाकारल्यावर पोरीला पुढे घेऊन कोण जाणार, ते मात्र घरच्यांना आपणच विचारून घ्यावं लागतं.