मेणबत्ती पुरती जळेपर्यंत

ताराबाय. आधी तिचं नाव लिहिते, मग काय झालं ते सांगते. नाहीतर आई, तू मधूनच रडायला लागशील आणि नाव वाचायचं राहून जाईल. एडवणच्या समुद्रावर शिंपल्या वेचणारी, साठीच्या पुढची कोळीण. तिच्यामुळं मी आणि तुझी नात मार्था आज आहोत.

जालना सोडलं तो दिवस मला अजून दिसतो. एसटीच्या खिडकीखाली बाबा उभे होते. ह्यांना तारापूरच्या एका कंपनीत काम लागलंय, एवढंच ठाऊक. मी आठवीतून शाळा सोडलेली, बोईसर कुठल्या दिशेला तेही माहीत नव्हतं. कुठं उतरायचं, गाडी कुठं बदलायची, चुकलो तर काय, हेच मी सारखं विचारत होते. बाबा म्हणाले, "पोरी, वाटेकडं नको बघत बसू. वाटाड्याकडं बघ." मला वाटलं, चर्चमध्ये ऐकलेलं काहीतरी बोलतायत. गाडी हलली.

इथं एका रूममध्ये आम्ही तिघं. शेजारणीला भाभी म्हणायचं, भाजीवाल्याशी हिंदीत भांडायचं, हे जमलं. भीती मात्र गेली नाही. कंपनीचा भोंगा अवेळी वाजला की अपघात झाला की काय म्हणून हातातलं पीठ तसंच टाकून मी दारात येते. गेल्या वर्षी बाबा गेले, तेव्हा मी पोचेपर्यंत माती देऊन झाली होती.

तिकडं ईस्टरच्या पहाटे आपण सगळे कबरस्तानात जातो. फुलं ठेवतो, मेणबत्ती लावतो. आणि तुझा नियम, मेणबत्ती पुरती जळेपर्यंत कबरीपासून उठायचं नाही, आपल्या माणसाला एकटं वाटतं. इथं माझी कुणाची कबर नाही. इथल्या चर्चची मराठी मंडळी थोडी, ती टेम्पो करून एडवणच्या समुद्रावर पहाटेची उपासना करते. यंदा ह्यांची पहिली शिफ्ट होती, म्हणून मी मार्थाला घेऊन एकटीच गेले.

उपासना झाली. समुद्र इतका आत गेला होता की मैदानच वाटावं. पाळकबाईंना सांगितलं, "तुम्ही निघा, मी रिक्षानं येते." आणि लांब, खडकांच्या आडोशाला वाळूचा उंचवटा होता तिथं गेले. वाळूची छोटी कबर केली, फुलं ठेवली, बाबांच्या नावानं मेणबत्ती लावली आणि बसले. मेणबत्ती जाड होती. मार्था शंख गोळा करत होती. पाणी समोर लांब होतं, माझं सारं लक्ष तिकडंच. नदीच्या मुलखातली मी, पाणी आलं तर समोरून दिसेल, असंच धरून चालले.

"आगं ए बाय! तिथं घर बांधतेस का? मागं बघ!"

खडकांवरून एक म्हातारी कोळीण ओरडत होती. डोक्यावर टोपली, हातात काठी, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. मी मागं बघितलं. मघाशी कोरड्या पायांनी ओलांडलेल्या खोलगट जागेत पाणी भरलं होतं. आम्ही बेटावर होतो. काठावर एक माणूस दिसत नव्हतं.

मार्थाला खांद्यावर घेतलं आणि सरळ काठाकडं धावले. ती ओरडली, "तिकडं नको! होड्यांची खोल वाट हाय ती. पुनव होऊन दोनच दिस झालेत, उधान हाय, कललं का? माज्या मागनं ये. मी पाय टाकते तिथंच टाक."

आणि ती निघाली तर काठाला पाठ करून, खडकांच्या अंगानं, उलटी समुद्राकडं. मी ओरडले, "आजी, किनारा तिकडं आहे हो!"

"किनारा मला नको शिकवू. पोरीला वर धर."

पाणी गुडघ्याला, मग कमरेला. खाली गाळ पाय ओढत होता. मार्था माझे केस घट्ट धरून "मम्मी, घरी" एवढंच म्हणत होती. किनाऱ्याकडं बघितलं की तो लांब लांब जायचा आणि पाऊल चुकायचं. तेव्हा बाबांचं बोलणं आठवलं. किनाऱ्याकडं बघणं सोडलं. तिच्या पाठीवर नजर ठेवली. ती काठी रोवायची, थांबायची, मग पाऊल टाकायची. एकदा पाणी माझ्या छातीला लागलं. प्रार्थनेचे शब्द सुचेनात, नुसतं "प्रभू, प्रभू" चाललं होतं. तिनं माझा हात एकदाही धरला नाही. धरला असता तर तिघी पडलो असतो. ती फक्त पुढं चालत राहिली. मग पायाखाली खडक लागला, आणि त्याच्यावरून वळसा घेत आम्ही काठाला आलो.

मी वाळूत बसून रडले. म्हणाले, "आजी, देवानं पाठवलं तुम्हाला."

"तुज्या देवानं पाठवली? मी तर शिंपल्यांसाटी आलेली." मग मार्थाच्या नाकाला लागलेली वाळू पदरानं पुसत म्हणाली, "भरती समोरनं नाय येत. आधी मागची वाट भरते. बत्ती कोनासाटी लावलेली?"

"बापासाठी."

ती टोपलीतलं पाणी निथळू देत बसली. "माजा घो गेला तो गावलाच नाय," म्हणाली. "होडी आली, तो नाय. फूल ठेवाया जागा नाय मला."

मी वळून बघितलं. तो उंचवटा पाण्याखाली गेला होता. आई, पहिल्यांदाच मी मेणबत्ती पुरती जळायच्या आधी उठले. बाबा रागावणार नाहीत असं वाटतं.

घर म्हणजे जालना, एवढंच मला कळत होतं. आता वाटतं, "मागं बघ" म्हणून कुणीतरी जिथं ओरडतं तेही घरच. तरी भीती आहेच. भोंगा वाजला की अजून दारात येते. पण देव वाट सरळ करून देत नाही, कुणालातरी पुढं चालायला लावतो, हे मी छातीभर पाण्यात बघितलंय.

ताराबायला हे वाचता येणार नाही, मी जाऊन वाचून दाखवीन. आणि हा माझा शब्द: ज्या ईस्टरला सुट्टी मिळून जालन्याला येईन, त्या पहाटे बाबांच्या कबरीवर दोन मेणबत्त्या लावीन. दुसरी तिच्या धन्याची. तिथं भरती येत नाही. दोन्ही पुरत्या जळेपर्यंत मी उठणार नाही.