पैठणीच्या खोक्यातली नावं

"करून दाखव की," साहेब म्हणाले. "तुझी अक्का फोनवर कशी घाबरली ते. तिच्याच आवाजात."

आणि मी करून दाखवलं.

एसी केबिन. टेबलापलीकडं प्लॉट विकणारे साहेब, सोफ्यावर त्यांचे तीन मित्र. मी उभा. बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. पदर सावरल्यासारखा हात केला, गळा बारीक केला. "कोण बोलतंय? माझा नंबर कुणी दिला ओ तुमास्नी?" चौघंही पोट धरून हसले. मी वाकून नमस्कार केला. तोही केला.

मी 'खेळ पैठणीचा' कार्यक्रमाचा निवेदक. माझा आवाज मंगळवार पेठेत सुटला की पन्हाळ्यावरची कबुतरं उडतात. माझ्या विनोदावर हसताना एका आजीची कवळी उडाली ती थेट परीक्षकांच्या चहात. यातलं निम्मं खोटं, हे मीच सांगतो. पण इथून पुढं एक अक्षर वाढवलेलं नाही.

कबनूरला कार्यक्रम होता. पैठणी साहेबांची, खोकंही साहेबांचं. प्रत्येकीनं कुपन भरून त्यात टाकायचं. नाव, मोबाइल, जन्मतारीख, घरात कमावतं कोण. मीच माइकवर ओरडत होतो, "वैनी, नंबर नीट लिवा! न्हाईतर पैठणी दारातनं माघारी जाईल!"

माझी थोरली बहीण, अक्का, तिथंच लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. तिनं गल्लीतल्या बायका हाताला धरून आणल्या. "माझ्या भावाचा कार्यक्रम हाय. भ्याचं काय त्यात?" स्वतःचं कुपन भरलं आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचीही तिनंच भरली.

पैठणी एकीला मिळाली. नंबर सगळ्यांचे गेले.

आठवडाभरात मेसेज सुरू झाले. बक्षीस लागलंय, लिंक दाबा. दिवसाला पन्नास. मग अनोळखी बाप्यांचे फोन. नावानं हाक मारायचे, वाढदिवस सांगायचे, पुढं नको ते बोलायचे. साहेबांनी यादी विकली होती. बायका अक्काच्या दारात आल्या. "तुझ्या भावानं इकलं व्हय गं आमास्नी?" दाजींनी तिचा मोबाइल कपाटात कुलपात टाकला. वर तिच्यावरच संशय.

अक्का मला एवढंच म्हणाली, "ती यादी परत आण. गल्लीत त्वांड दाखवाय येईना मला."

त्यासाठी मी केबिनमध्ये गेलतो. अक्का फोनवर कशी घाबरली तेही सांगितलं.

"यादी परत?" साहेब म्हणाले. "पातेलं हाय व्हय रं ते, परत द्यायला? कुठल्या कुठं गेली. आणि कांड्या भरणाऱ्या बायकांचं असं काय गुपित असतंय?" त्यानंतर ती फर्माईश. नकलेवर खूश होऊन त्यांनी मला पुढचा कार्यक्रम दिला. मी घेतला.

जिना उतरताना अक्काचा आवाज माझ्याच गळ्यात अडकून बसला होता. खाकरलो, थुंकलो. जाईना.

पुढचा कार्यक्रम मंगळवार पेठेत. तेच खोकं. पहिल्या रांगेत साहेब. एक बाई गुडघ्यावर कुपन ठेवून मला विचारत होती, "दादा, नंबर ह्यांचा लिवू का माझा?"

"कुणाचाच लिवू नगासा," मी म्हणालो. माइकवर.

सगळं सांगितलं. कबनूर, यादी, फोन. केबिनमधली नक्कलसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात असून मी कुणाला हसवलं नाही. साहेबांनी खूण केली, माइक बंद झाला. मला कशाला लागतोय माइक? खोकं उघडलं आणि नाव पुकारून एकेकीला तिचं कुपन परत दिलं. तिघींनी तरीही पुन्हा टाकलं. पैठणी ती पैठणी.

"तुला आता जिल्ह्यात कोण उभा करत न्हाय," साहेब जाताना म्हणाले. खरं ठरलं.

अक्का अजून बोलत नाही. दर रविवारी कबनूरला जातो. एका एका दारात उभा राहून सांगतो, "तुमचा नंबर माझ्यामुळं गेला." नंबर ब्लॉक कसा करायचा ते दाखवतो, तक्रार लिहून देतो. एकीनं तोंडावर दार लावलं. बरोबर केलं.

यादी परत येणार नाही. माहीत आहे मला. पण ते खोकं ज्या मांडवात दिसेल त्या मांडवाच्या दारात मी असणार. स्टेज नको, मानधन नको. आत जाणाऱ्या प्रत्येकीला सांगणार, नंबर लिवू नगासा. माझ्याच आवाजात.