मागचे शॉक बदलले आणि डावी बाजू दबली

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना चुका होतील, त्या काढत बसू नका. आणि आधीच सांगतो, भूतखेत मी मानत नाही. आमच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून घरात अंगात येणं, उतारे टाकणं सगळं बंद. माझा जन्म गेला हैदराबादच्या सुलतान बाजारात कापड फाडण्यात... गिऱ्हाईक खोटं बोलतंय की खरं, ते पायरी चढतानाच कळायचं. मला सहजी कुणी फसवत नाही. तरी हे झालं. भर दुपारी झालं, आणि माझी मुलगी संगीता साक्षीला होती.

जामबागेत आमचं तळमजल्याचं घर. पुढं शहाबादी फरशीचं अंगण आणि त्यात एक लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली जुनी स्पोर्ट्स कार. बायकोची. हो, बायकोचीच. शकू कोठीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांची ही गाडी मागच्या बाजूला धूळ खात पडलेली. रिटायर झाल्यावर बायका सोनं घेतात, हिनं ही गाडी घेतली. चालवायला मी, मिरवायला ती. गल्लीतून निघालो की मंत्र्यासारखा हात हलवायची.

मागच्या थंडीत शकू गेली. त्याच्यावर जास्त लिहीत नाही. घर खायला उठतं म्हणतात, ते खरं आहे एवढंच.

गाडी उभीच राहिली. संगीता म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्याकडं बघत बसता आणि जेवत नाही. देऊन टाकू." तिनंच मेहदीपट्टणमचं एक हौशी गिऱ्हाईक शोधलं. त्याची एकच अट — मागचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर गेलेत, तेवढे बदलून द्या. गेलेच होते. डिकीवर दाबून सोडलं की गाडी बदकासारखी डुलत राहायची. स्कूटर काय, ही काय, सगळी दुरुस्ती मीच केलेली. म्हटलं, शेवटचं काम आहे, आपल्याच हातानं करू. संध्याकाळी तो न्यायला येणार होता.

सकाळीच बसलो. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून जॅकवर उचलून खाली टेकायला लोखंडी घोड्या दिल्या, चाकं काढली. वरचे नट डिकीतल्या गालिच्याखाली, ते निघाले. खालचा डावा बोल्ट मात्र गंजून एकजीव झालेला. तेल पाजलं, हातोडी मारली, शिव्या दिल्या.

"आईनं तुमच्या तोंडात बोळा कोंबला असता," संगीता म्हणाली.

"तुझ्या आईनं माझ्यापेक्षा चांगली शिवी दिली असती."

दोघंही हसलो. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं. मग बोल्टपण निघाला.

दुपारी दोन्ही नवे शॉक बसले. चाकं लावून गाडी खाली उतरवली. याला रबराचे बुश असतात, म्हणून बोल्टला शेवटचा कस गाडी आपल्या वजनावर उभी असतानाच द्यायचा असतो. मी डाव्या चाकामागं फरशीवर आडवा झालो, हात आत घालून पाना लावला... आणि माझ्या डोळ्यांसमोर शॉक दबला. हळूच. थांबला. मग अजून थोडा दबला.

"संगे, गाडीत बसू नको गं, मी खाली आहे."

"मी कुठं बसले? तुमच्या पायाशी उभी आहे."

खरंच होतं, तिच्या चपला मला दिसत होत्या. बाहेर सरकलो. दारं बंद, काचा वर, आत कुणी नाही. आणि गाडी डावीकडं दोन बोटं कललेली.

संगीतानं काचेला नाक लावून आत बघितलं. मग म्हणाली, "बाबा, दोनदा दबली ना?"

"हौ."

शकू अंगानं भरलेली, गाडी ठेंगणी. ती आधी बूड टेकवायची, जरा दम घ्यायची, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायची. गाडी दोनदा दबायची. असं बसणारं दुसरं माणूस मी बघितलेलं नाही.

भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. लग्नात हिला पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा पोटात गुदगुल्या झाल्या होत्या, तशा झाल्या. या वयात. मी हात धुतले, शर्ट बदलला, केस विंचरले आणि चावी घेतली. संगीता माझ्या बाजूचं दार उघडून, माझी सीट पुढं ढकलून मागं शिरली. मागची जागा म्हणजे नावाला, गुडघे हनुवटीला लागले तिचे.

"अगं, पुढं बस की."

"पुढं जागा कुठंय?"

कोठीवरून सुलतान बाजारात गेलो. स्पीड ब्रेकर आले, खड्डे आले, गाडी एकदा दबायची आणि गप्प व्हायची. ऑटोवाले वळून बघत होते. संगीता मागून हात हलवत होती, रडत होती आणि हसत पण होती. मी गात होतो. मला गाता येत नाही.

तिथंच ट्रॅफिकमध्ये त्या गिऱ्हाइकाचा फोन आला. संगीतानं स्पीकरवर टाकला आणि हैदराबादी हिंदीत तीच बोलली.

"नक्को भाई, नहीं बेचना. गाडी में हमारे अम्मा बैठे हैं."

"हौ, तो उतरे बाद आतूं मैं."

"उनो नहीं उतरते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी येऊन उतरलो तेव्हा गाडी परत सरळ झाली — दोन टप्प्यांत. ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, स्प्रिंग बसली असेल. म्हटलं, बसलेली स्प्रिंग आपणहून उठते का रे? तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. त्यानंतर असं परत कधी झालं नाही. मी रोज दाबून बघतो, गाडी एकदम ठीक. जेवतो पण वेळेवर.

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. तुमच्यात कुणी शिकलेला असेल आणि त्याला कळत असेल तर खुशाल लिहा, मी वाचीन. गाडी मात्र कुणी मागू नका.