बॉयलरच्या नाकातली माळ

माझ्या नवऱ्याचं नाव गेणबा. घेते मी नाव, साठीला आल्यावर कसली लाज? कोळवणच्या वाटेला रिसॉर्टांच्या पांढऱ्या चादरी धुणारी मोठी लॉन्ड्री हाय. तितला बॉयलर ते सव्वीस वर्सं सांभाळत्यात.

माणूस तसा मुलखाचा अबोल. पण बॉयलरचं काढा, की तोंडाला खळ न्हाई. त्याला हवा आत घ्यायची एक झडप असती, तिला हे नाक म्हणत्यात. हवा कमी पडली की डिझेल नीट जळत न्हाई आन काळा धूर निघतो. म्हणून दर महिन्याला बॉयलर बंद करून गार होऊ द्यायचा, बाहेरची जाळी काढायची, झडपेची धूळ पुसायची, दांड्याला तेल द्यायचं, हातानं उघडझाप करून बघायची. पेटवला की नाकापुढं तळहात धरून हवा कशी ओढतोय ते बघायचं.

मला दमा हाय. "रंभे, तुजं आन त्याचं दुखणं एकच," म्हणत्यात. काय बोलावं ह्या माणसाला! दुपारी मी आडवी झाले की हळूच येऊन माझ्याबी नाकापुढं तसाच हात धरत्यात. मी झोपेचं सोंग घेऊन गप पडते. असलं सुख सोडतंय कोण?

मागल्या खंडेनवमीला लॉन्ड्री बंद ठेवून यंत्रांची पूजा होती. कामगारांच्या घरची माणसंबी जमली. ह्यांनी झडपेचं काम उरकलं, जाळी धुऊन उन्हात ठेवली. सगळीकडं झेंडूच्या माळा, आन नाक तेवढं भुंडं! मला काय ते बरं वाटंना. एक बारकी माळ आत दांड्याला अडकवली, वर निवदाच्या पोळीचा तुकडा ठेवला. इतकी वर्सं आमचं पोट भरणाऱ्याला एक घास नको व्हय? मग "चला की, आमटी गार व्हतीय!" म्हणून मीच वरडले. माझ्या घाईपायी त्यांनी आत न बघताच जाळी बसवली. जन्मात पहिल्यांदा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते लवकर घरी आले. "सोमवारपासनं घरीच," एवढंच बोलले आन खिडकीची कडी उगाच उघडझाप करत बसले. शेवटी शेजारच्या शुभांगीला विचारलं, ती तितंच इस्त्रीला असती. तिनं सांगितलं, बॉयलरनं काळाकुट्ट धूर सोडला, रिसॉर्टातल्या लग्नासाठी धुऊन वाळत घातलेल्या चादरींवर काजळी बसली. मालक इंद्रजितसाहेब तसे चांगले, पण त्यांचं डोकं फिरलं. वय झालं म्हणाले, दुसरा माणूस आणतो म्हणाले. बॉयलर गार झाल्यावर ह्यांनी झडप उघडली, आतलं काहीतरी खिशात घातलं आन म्हणाले, "चूक माजी हाय साहेब. नीट बघितलं न्हाई."

संध्याकाळी सदरा धुवायला घेतला. खिशात करपलेला झेंडू आन हिरवा दोरा. शेवटाला तीन गाठी. अशा गाठी माझ्याच हाताच्या.

"माजं नाव का न्हाई सांगितलं?"

"तू पूजा केलीस. तिला चूक कसं म्हणू? आन बघायचं काम माजं होतं."

मी रडले, रडता रडता शिव्याबी घातल्या. इतक्या वर्सांची अब्रू माझ्या एका माळेवरनं ओवाळून टाकली ह्या खुळ्यानं!

सकाळी पहिल्या जीपनं गेले आन तो दोरा साहेबांच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, पुरणपोळीसकट.

"साहेब, काढायचं तर मला काढा."

"पण रंभाबाई, तुम्ही इथं कामालाच नाही."

"तेच तर! मला काढता येत न्हाई, मग ह्यांनाबी काढू नका."

साहेब हसतील वाटलं, पण हसले न्हाईत. दोरा हातात घेऊन गाठी बघत राहिले. "त्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नाही," म्हणाले. मग मलाच गाडीत घालून आमच्या दारात आले आन ह्यांना म्हणाले, "गेणबा, सोमवारी तुम्हीच या. चुकलं माझं."

औंदाची खंडेनवमी परवा झाली. माळ घेऊन गेले, तर झडपेच्या वर, हवेच्या आड येणार न्हाई असा, नवा हुक बसवलेला.

"ही तुजी जागा," हे म्हणाले.

मी माळ घातली. ह्यांनी बॅटरी मारून आत दोनदा बघितलं, जाळी बसवली. मग माझ्याकडं वळले आन माझ्या नाकापुढं तळहात धरला. साहेबांसमोर, चारचौघांत! मी चांगली जागी होते, तरी डोळे मिटून घेतले.