तांडेलाचा सुळा

मेडिकलला थोड्या गुणांनी नंबर लागला नाही, म्हणून मी दातांची डॉक्टर झाले. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मालवणात घरातलं बाजारात पोचायला वेळ लागत नाही. २००२च्या सुमारास मी बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर दवाखाना थाटला. लोक जिना चढून यायचे, खुर्ची बघायचे, माझं वय बघायचे आणि "मगे येतंय" म्हणून उतरायचे. मुंबईत एका मैत्रिणीच्या दवाखान्यात माझ्यासाठी जागा होती. गणपती झाले की कळवते, असं मी तिला सांगून ठेवलं होतं.

त्याच दिवसांत तारकर्लीचे एक तांडेल, तिथल्या मच्छीमारांचे म्होरके, बायकोसोबत आले. उजवा गाल डोळ्याखालपर्यंत सुजलेला. पाण्याचा रंग बघून मासळीचा थवा कुठे आहे हे ते किनाऱ्यावरून सांगत. त्यांनी हात केला की रापणीचं, किनाऱ्यावर ओढून घ्यायचं लांब जाळं पाण्यात पडायचं. त्यांचा वरचा सुळा किडून मुळाशी पू झाला होता. काढायला हवा, असं मी सांगितलं.

"वरचो दात काढलो की डोळो जाता," ते म्हणाले.

"तसा काय नसता, काका. उलट ठेवलात तर पू वर चढतलो, मगे डोळ्याक खरोच धोको."

"तू असाच सांगतलंस. तुजो धंदो तो."

त्यांच्या बायकोने टेबलावरचं गोळ्यांचं पाकीट उचलून नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. मग तांडेलांनी मला सरळच विचारलं, "खऱ्या डॉक्टरकीक तुजो नंबर लागाक नाय, म्हणान तू दातांची झालंस ना?"

"होय."

"मगे तुका डोळ्यातला काय कळता?"

राग आला होता. पण हाच प्रश्न मीही स्वतःला पाच वर्षं विचारत आले होते. मी कपाटातून कवटी काढली आणि सुळ्याचं मूळ कुठे संपतं ते दाखवलं. त्यांनी कवटीच्या डोळ्याच्या खाचेत बोट घालून अंतर चाचपलं.

"ही कोणाची?"

"प्लास्टरची."

त्यावरही त्यांचा विश्वास बसला नाही. तरी गोळ्या घेऊन गेले, आणि ठणका सोसवेना तेव्हा परत आले. मी दात काढला, पू वाहू दिला. त्यांची बायको पूर्ण वेळ खुर्चीला चिकटून माझ्या हातांवर नजर ठेवून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडायला गेले, तर ती जिन्यात बसलेली.

"ह्येंचो डोळो उघडणा नाय. चल घराक."

खाली दुकानदाराने ते ऐकलं. आम्ही रिक्षा करीपर्यंत दोन-तीन माणसं दारात येऊन उभी राहिली होती.  मूळ तुटून आत राहिलं नव्हतं ना, पू वर तर ढकलला गेला नाही ना, रिक्षात मी आठवत राहिले. तारकर्ली येईपर्यंत माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता.

घरापुढच्या खळ्यात रापणीची माणसं जमली होती. मला कुणी बस म्हटलं नाही. मी हात धुतले आणि तांडेलांच्या सुजलेल्या पापण्या दोन बोटांनी अलगद वेगळ्या केल्या. बुबुळ सगळीकडे फिरत होतं. पांढरा भाग स्वच्छ होता. मी दुसरा हात समोर धरून विचारलं, "किती बोटां?"

"बोटां कसली दाखवतंस? माका भायर ने."

मी पापण्या तशाच धरलेल्या, ते वाकलेले, असे आम्ही किनाऱ्यापर्यंत गेलो. बाकीचे मागून आले. मी त्यांच्या डाव्या, चांगल्या डोळ्यावर तळवा ठेवला, तेव्हा त्यांच्यातलाच एक ओरडला, "घट्ट धर गो! तो फसवतलो!"

तांडेल बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मला तर निळ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"थंय रंग बदललो," म्हणत त्यांनी हात केला.

माणसं होडीकडे धावली. आमच्याकडे कुणाचं लक्षच उरलं नाही. मी औषध बदलून दिलं, तरी घरी गेले नाही. जाळं ओढून होईपर्यंत वाळूत बसून राहिले. जाळ्यात बांगडे होते. पुढच्या काही दिवसांत सूज उतरली आणि डोळा आपला आपण उघडू लागला.

गणपती झाल्यावर मी मैत्रिणीला फोन करून येत नसल्याचं कळवलं. कारण म्हणून हीच हकीकत सांगितली. ती सगळं ऐकून म्हणाली, "ते राहू दे. तिथे लग्न जमलंय का तुझं, खरं सांग." नाही म्हटलं, तर तिला पटलं नाही. मलाही नीट सांगता येत नव्हतं. एवढंच कळलं होतं की त्या सकाळी वाळूत बसले असताना मेडिकलचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

दिवाळीच्या सुमारास तांडेलांची बायको एकटीच आली. तिची दाढ दुखत होती. खुर्चीत बसली, पण तोंड उघडेना.

"दुखातला?"

"थोडा दुखातला."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "ह्या खरा सांगलंस," म्हणाली आणि तोंड उघडलं.